गावपळणीतला सूर

तात्या बोटीवरची नोकरी सोडून कायमचा घरी आला, तेव्हा त्याच्या सामानात एक काळी पेटी होती. आईनं ती उघडली, आतल्या वाकड्या पितळी नळीकडे एकदा पाहिलं आणि ते सगळं धूड उचलून अंगणात, सुकत घातलेल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, शेजारी, उन्हात नेऊन ठेवलं. बाहेरून आलेल्या कुठल्याही वस्तूला आधी ऊन दाखवायचं हा तिचा नियम होता, मग ती गोधडी असो की देवाची तसबीर. तात्या ओरडत धावला. आतल्या कातडी चकत्या उन्हानं आक्रसल्या असत्या तर त्या बदलणारा माणूस अख्ख्या मालवणात नव्हता. पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या सॅक्सोफोनला सुकटीचा वास लागला तो लागलाच. पुढे मी त्याच्या चकत्या कितीतरी वेळा बदलल्या, नळी साफ करून घेतली, तरी पावसाळी हवेत पेटी उघडली की आमचं अंगण बाहेर येतं. परदेशातल्या एका महोत्सवात शेजारचा ट्रम्पेटवाला नाक मुरडून इकडेतिकडे पाहू लागला होता. मी त्याला काही सांगितलं नाही.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. त्यानं लग्न केलं नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं प्रवासी बोटींवर गेली. आधी भटारखान्यात भांडी घासली, मग बोटीवरच्या बँडमधल्या एका म्हाताऱ्या गोयंकारानं हाताशी धरून शिकवलं म्हणून जेवणघरात उभा राहून वाजवू लागला. तो गोयंकार गेला आणि त्याचा ऑल्टो सॅक्सोफोन तात्याकडे आला. आमच्या वाडीत 'सॅक्सोफोन' हा शब्द कुणाच्या तोंडात बसला नाही. सगळे त्याला तात्याची नळी म्हणत. ती वाजू लागली की पुढची गंमत बघण्यासारखी असे. खालचा जाड सूर निघाला की स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडा आपोआप गुणगुणायचा, पडवीतलं कुत्रं मान वर करून रडायला लागायचं, आणि आई चुलीवरचा पेजेचा टोप उतरवता उतरवता म्हणायची, "भावजी, कुत्रो रडता. घराक बरा न्हय ता." मग तात्या नळी पुसून ठेवायचा. नळीच्या सांध्यांना तो खोबरेल लावत असे, कारण खाऱ्या हवेनं पितळेला आठवड्याभरात हिरवं यायचं. लग्नाच्या बँडमध्ये त्यानं दोन-तीनदा वाजवून पाहिलं. तिथे ताशापुढे त्याचं कुणाला ऐकू जाईना. दशावतारी मंडळींकडे गेला, तर त्यांचा पेटीवाला म्हणाला, राक्षसाच्या एन्ट्रीला ठीक आहे, बाकी कशाला. तात्या हसला, पण जेवला नाही त्या रात्री.

मला त्यानं शिकवायला घेतलं ते मी मागे लागलो म्हणून नव्हे, घरात बाकी कुणी रिकामं नव्हतं म्हणून. मी सोळा वर्षांचा होतो आणि शाळेत माझा उजेड पडलेलाच होता. त्याची शिकवण्याची तऱ्हा विचित्र होती. आमच्या घरामागच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळावरून, एसटीचा रस्ता दिसायचा. गाडी थांब्यावरून सुटली की मी सूर लावायचा आणि ती घाटी चढून वळणाआड जाईपर्यंत तो तुटू द्यायचा नाही. "गाडी दिसता तोपर्यंत माणूस गेलो नाय असा समजायचा," तात्या म्हणायचा. "सूर सोडलंस काय तो गेलो." कित्येक महिने मी एकच सूर वाजवत होतो. गाडी जुनी असली आणि घाटीत धापा टाकू लागली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. त्या सगळ्या ड्रायव्हरांना मी मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्यात तेवढ्या पुढे कुठल्याच हॉटेलमालकाला दिल्या नाहीत. आज माझ्या दमाचं लोक कौतुक करतात. मासिकात कुणीतरी प्राणायामाशी त्याचा संबंध जोडला होता. जोडू दे.

तात्याची पत्ती तपकिरीच्या डबीत असे. पत्ती म्हणजे तोंडाशी लावायची वेताची पातळ चीप. तीच थरथरते म्हणून वाद्य बोलतं. आमच्याकडे ती मिळत नसे. फुटलेल्या काचेनं तासून तासून तो एकेक पत्ती वर्षभर पुरवायचा. शेवटी एकच चांगली उरली, ती त्यानं मला दिली होती. स्वतः वाजवणं तोवर बंद झालं होतं. खोकला आधी बोटीवरचा म्हणून आला, मग थंडीचा म्हणून राहिला, आणि गणपतीनंतर त्याच्या हातरुमालावर लाल ठिपके दिसू लागले. मालवणच्या डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावून सांगितलं की फुप्फुसात काही उरलेलं नाही, फुंकायचं वाद्य हातातसुद्धा देऊ नका, एकदा जोर लावला तर माणूस तिथेच आटपेल. वडिलांनी पेटी माळ्यावर टाकली आणि शिडी गोठ्यात नेऊन ठेवली. तात्या दिवसभर पडवीत बसून माळ्याकडे बघायचा. त्याचा श्वास त्या दिवसांत घरभर ऐकू यायचा. आम्ही जेवताना, भांडताना, झोपताना तो चालू असे, ओल्या दोरीनं रहाट ओढावा तसा. हल्ली सकाळी जिना चढताना तोच आवाज मला माझ्या छातीतून येतो आणि मी थांबून कान देतो.

त्याच मार्गशीर्षात गावपळणीचा कौल झाला. आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथे भाऊबंद आहेत, आणि मला अजून तिथले मासे खायचे आहेत. गावपळण म्हणजे काय, ते आमच्या भागात सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा गावदेव कौल देतो आणि सगळ्या गावानं शिवेबाहेर जायचं असतं. सगळ्या म्हणजे सगळ्या. बाळंतीण, आजारी, गुरं, कोंबड्या, कुत्री, कुणी मागे राहायचं नाही. दारं बांधायची, चुली विझवायच्या आणि तीन दिवस पलीकडे झोपड्या घालून राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. तो आपल्या गणांसकट गल्लीबोळातून फिरतो आणि वर्षानुवर्षं साचलेलं वाईट झाडून काढतो. त्या वेळी जो आत सापडेल तो रक्त ओकून मरतो, आणि सापडला नाही पण पाऊल टाकून आला, तो वर्ष काढत नाही. असं आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं, आणि कुणी पडताळून पाहिलं नव्हतं. एरवी गावपळण म्हणजे मौज. झाडाखाली रांधायचं, खाडीत कालवं फोडायची, पत्ते कुटायचे. मोठी माणसंसुद्धा त्या दिवसांत पोरांसारखी वागतात.

कौलाची बातमी आली त्या संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. तात्या बऱ्याच दिवसांनी खुलला. "जल्मभर जेवणाऱ्यांच्या समोर वाजवलंय रे," तो मला म्हणाला. "आयकूक म्हणान कोण बसललो नाय. आणि हय बघ, सगळो गाव खाडीपलीकडे रिकामो बसतलो. काम नाय, धंदो नाय, भोंगो नाय. असो हॉल माका दर्यार कधी गावलो नाय." मी हसलो. आईनं सूप खाली ठेवलं. "भावजी, तिन्हीसांजेक असला अभद्र बोला नकात," ती म्हणाली, आणि तिनं उठून दिव्यात तेल घातलं. आजाऱ्याला झोपडीत थंडीवाऱ्यात कसं ठेवायचं याची चिंता वडिलांना पडली होती. ती चिंता तात्यानंच मिटवली. म्हणाला, मी मालवणाक बयनीकडे जातंय, डॉक्टर जवळ आसा. बहीण म्हणजे माझी आते. तिचं घर मालवणात किनाऱ्यालाच होतं. सगळ्यांना ते पटलं. वडिलांना तर इतकं बरं वाटलं की त्यांनी त्या रात्री मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण करायला लावलं आणि शिडी गोठ्यातून आणून पुन्हा जागेवर ठेवली, निघायच्या आधी माळ्यावरचे टोप काढायचे होते म्हणून.

गाव निघायच्या आदल्या सकाळी मी तात्याला एसटीत बसवलं. हातात एक पिशवी, अंगात बोटीवरचा निळा कोट, तो त्याला आता दोन माणसांचा होत होता. गाडी सुरू झाल्यावर त्यानं खिडकीतून मला जवळ बोलावलं. "ती पत्ती आसा मरे तुझ्या खिशात? दी हय." मी दिली. मला वाटलं, आतेकडे निवांत बसून तासून देईल. गाडी घाटी चढू लागली, आणि सवयीनं मी मनातल्या मनात सूर धरला. गाडी वळणाआड गेली तेव्हा एकदम लक्षात आलं की वाद्य तर माळ्यावर आहे. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला पत्ती कशाला हवी? थांब्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पिंपळावर कावळे होते, तेही गप्प होते. घरी आलो तर आई गाठोडी बांधत होती, वडील म्हशीच्या मागे धावत होते. त्या गडबडीत तो प्रश्न मी कुणाला विचारला नाही. विचारावासा वाटला एवढं मात्र आठवतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ढोल वाजला आणि गाव निघाला. शिवेवर आबा गावकर उभे होते. देवापुढे गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे. लांबरुंद माणूस, मिशा पांढऱ्या, आवाज असा की बाजूच्या वाडीतल्या म्हशी वळून बघाव्यात. प्रत्येक घराला ते विचारत होते.

"घर भायर पडला?"

"पडला म्हाराजा," वडील म्हणाले.

"मागे कोण?"

"मागे कोण नाय. थोरलो भाव मालवणाक आसा, बयनीकडे."

आबांनी मान हलवली आणि आम्ही पुढे झालो. खाडीच्या पलीकडे, वळणाच्या वरच्या अंगाला, माडाखाली झोपड्या घातल्या होत्या. आमचं घर वळणाच्या खालच्या अंगाला, अगदी पाण्याजवळ. झोपड्यांतून ते दिसत नसे, पण वारा समुद्राकडून असला की तिथला कोंबडा आरवलेला इकडे ऐकू यावा इतकंच अंतर. पहिला दिवस मजेत गेला. बायकांनी कुळथाची पिठी आणि भाजलेले बांगडे केले, भजन झालं. तरी मधूनच कुणीतरी गावाच्या दिशेनं बघायचं आणि बोलता बोलता थांबायचं. तिकडून काहीच येत नव्हतं. रोज ज्या गावातून शंभर आवाज यायचे, तिथून आता पानाचीसुद्धा सळसळ नाही. माझी आई दोनदा म्हणाली, "माका बरा दिसना नाय." वडील म्हणाले, तुला कधीच बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली होती. माणसं कलंडली होती, ओहोटी लागली होती, चिखलात खेकडे टचटच करत होते. तेव्हा तो सूर आला.

आधी मला वाटलं माझ्याच डोक्यात आहे. खालचा, जाड, जरा फाटलेला. मग कुत्र्यांनी माना वर केल्या. झोपडीझोपडीतून माणसं उठून बाहेर आली. एक म्हातारा गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "देव उठलो." बायकांनी पोरांना पोटाशी धरलं. सूर वाढला, थांबला, पुन्हा आला, आणि तिसऱ्या वेळी मला कळलं, तात्या काय वाजवतोय. तो गाऱ्हाणं वाजवत होता. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे गावकर एकेक मागणी मोठ्यानं म्हणतो, शेवटी आवाज चढवून थांबतो, आणि जमलेला गाव एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणून तिला दुजोरा देतो. शब्द नव्हते, पण चढ तोच, थांबा तोच. मधूनच त्यात बोटीवरच्या नाचाची लचक यायची आणि तो पुन्हा गाऱ्हाण्याची चाल धरायचा. पुढे मुंबईत फ्यूजन नावाचं प्रकरण आलं आणि लोक मला विचारू लागले की हे तुम्हाला कसं सुचलं. मला काही सुचलं नव्हतं. मी ऐकलं होतं.

पहिल्या थांब्याला नुसती शांतता होती. दुसऱ्याला तो गुडघ्यावर बसलेला म्हातारा पुटपुटला, "व्हय म्हाराजा." तिसऱ्याला दहा-वीस जण. चौथ्या वेळी आबा गावकरांनी डोक्याचं मुंडासं काढलं, हात जोडले, आणि अख्खा गाव एका दमात गरजला. पलीकडचा सूर किंचित हलला. त्याला ऐकू गेलं होतं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला भीती नाही वाटली, आनंद झाला. माझ्या तात्याला अखेर कुणीतरी ऐकत होतं. मग मी वडिलांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्यांना डॉक्टरांचे शब्द आठवत होते.

गाऱ्हाण्याची शेवटची मागणी आमच्या गावात ठरलेली आहे. 'जो कोण लेकरू परमुलखात, दर्याच्या पाण्यार आसा, तेची वाट सुखरूप करून घराक हाड रे म्हाराजा.' दर्यावर्दी गाव, त्यामुळे या मागणीला बायकांचा आवाज नेहमी मोठा असतो. तात्यानं ती सुरू केली. सूर चढू लागला, मध्येच खरखरला, पुन्हा धरला, आणि तुटला. गाव हात जोडून थांबला होता. उत्तर द्यायला तोंडं उघडी होती, पण मागणीच पुरी झाली नव्हती. खेकड्यांची टचटच पुन्हा ऐकू येऊ लागली.

वडील उठले. आबा गावकर वाटेत उभे राहिले.

"खंय चललस?"

"आबानू, थंय माझो भाव..."

"तुझो भाव मालवणाक आसा," आबा सावकाश म्हणाले. "शिवेर तूच सांगललंस. आणि मालवणाकच आसाक व्हयो."

कितीतरी वर्षं मी त्या वाक्याची दोन्ही टोकं ओढून पाहिली. आधी मला ती धमकी वाटायची. आत माणूस राहिला हे उघड झालं असतं तर गावपळण मोडली असती, पुढे गावात जे जे मेलं असतं ते आमच्या घराच्या नावावर लागलं असतं. आता त्यांच्या वयाला आल्यावर वाटतं, म्हाताऱ्यानं वाट दाखवली होती. वडिलांनाही ती दिसली असावी. ते परत झोपडीत आले. दाराशी पाण्यानं भरलेली कळशी होती. त्यांनी ती उचलून सगळ्यांसमक्ष जमिनीवर पालथी केली, आणि मला म्हणाले, "पाणी संपला. झरीर जा आणि घेवन ये." मग हलक्या आवाजात, "होडी थंयच बांधलली आसा. तेका आतेकडे घेवन जा." आबा दुसरीकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "झरी बारीक झाली आसतली. वेळ लागतलो पोराक." आई पुढे आली. तिनं पदराच्या गाठीतला अंगारा माझ्या कपाळाला इतक्या जोरात लावला की कातडं चुरचुरलं. "मागे बघू नको," एवढंच म्हणाली.

ओसाड गावात भर दुपारी शिरण्यासारखं दुसरं भय नाही. रात्र असती तर निदान दिसलं नसतं. होडी कांदळीत लावून मी वर आलो. ओळखीची दारं काथ्यानं बांधलेली, अंगणातल्या तुळशी माना टाकलेल्या, वाळत राहिलेला कुणाचा तरी एक सदरा. कुठेही धूर नाही. माझ्या पावलांचा आवाज पुढच्या घराच्या भिंतीवर आपटून माझ्याकडे परत येत होता, आणि दर खेपेला वाटायचं की कुणीतरी पावलाला पाऊल लावून चालतंय. मी मागे पाहिलं नाही. तोंडात खारट चव आली तेव्हा पहिली थुंकी मी हातावर टाकून पाहिली, रक्त आहे का म्हणून.

तात्या आमच्या अंगणात, पडवीच्या पायरीला टेकून बसला होता. निळ्या कोटाची बटणं नीट लावलेली. शिडी माळ्याला. पुढच्याच थांब्यावर उतरून, गाव रिकामा होईस्तोवर कुठेतरी थांबून, बसत उठत, तो आदल्या रात्री कधीतरी घरी पोचला असणार. नळी मांडीवर आडवी होती, आणि तिच्या तोंडावर, पत्तीवर, हनुवटीवर रक्त. लहानपणापासून सांगितलेलं सगळं जसंच्या तसं समोर होतं. मग त्यानं डोळे उघडले.

"आयकल्यानी?"

"सगळ्यांनी आयकल्यानी."

"काय म्हणतत?"

"व्हय म्हाराजा म्हणतत."

तो हसला. हसण्यानं खोकला उसळला आणि मी त्याला धरला. त्याची हाडं माझ्या हाताला लागत होती. "चल तात्या, होडी आसा," मी म्हटलं. तो जागचा हलेना. "शेवटचा ऱ्हवला," म्हणाला. "गाव थांबललो आसा थंय. तेंका अर्ध्यार ठेव नको." त्यानं नळी माझ्याकडे सरकवली. ती उचलायलाही त्याच्यात बळ नव्हतं. "तू घाल. गाडी जाईसर."

मी पत्ती सदऱ्याला पुसली. पुसली तरी तोंडात चव आली. ती चव मी कुणाला सांगितलेली नाही, आज लिहितोय. मी सूर लावला. सुरुवातीला तो थरथरला, मग धरला गेला. मागणी मी पहिल्यापासून घेतली, परमुलखातलं लेकरू, दर्याचं पाणी, सुखरूप वाट. शेवटच्या चढाला मी डोळे मिटले, घाटीतली एसटी आठवली आणि ती वळणाआड जाईपर्यंत सोडलं नाही. सोडलं तेव्हा कानात नुसतं दडपण होतं. अंगण गप्प, खाडी गप्प. मला वाटलं, फसलं सगळं. त्यांनी ओळखलं. आणि मग वळणापलीकडून तो आवाज आला, बायकांचा मोठा, पुरुषांचा खाली, सगळा गाव एका तोंडानं, "व्हय म्हाराजा!" त्यामागून, जरासा उशिरा, एकटा, फाटलेला एक आवाज आला. तो माझ्या वडिलांचा होता.

ओहोटीच्या पाण्याबरोबर होडी आपोआप खाली जात होती. तात्या तळाशी पडून आभाळाकडे बघत होता. खाडीच्या मुखाशी लाटा लागल्या तेव्हा त्यानं विचारलं, "शीव गेली?" मी म्हटलं, गेली. "मगे बरा," म्हणाला. आतेच्या पडवीत आम्ही त्याला ठेवला, डॉक्टर आले, मान हलवून गेले. पहाटे तो गेला. त्यामुळे वडिलांनी गावाला जे सांगितलं ते अक्षरशः खरं ठरलं. 'माझो भाव मालवणाक वारलो.' आबा गावकर सुतकात भेटायला आले, पेज प्यायले, आणि माझ्याकडे एकदाही न बघता म्हणाले, "पाणी गावला मरे झरीर?"

आईनं मात्र मला वर्षभरही घरात ठेवलं नाही. पाऊल टाकून आलेला वर्ष काढत नाही, हे तिच्या मनातून जाईना. मी शिंकलो तरी ती रुमाल उलगडून बघायची. गावाची राखण करणारा देव, राखणदार, खाडी ओलांडत नाही असं तिला कुणीसं सांगितलं होतं. मग तिनं मला नळीसकट मुंबईच्या गाडीत बसवलं, तात्याच्या एका बोटीवरल्या दोस्ताच्या पत्त्यावर. पुढचं तुम्ही इतरत्र वाचलं असेल. हॉटेलं, स्टुडिओ, मृदंग आणि बास गिटार, परदेशच्या वाऱ्या. माझ्या एका रचनेत मी प्रत्येक ओळीनंतर थांबतो, त्या थांब्याबद्दल जाणकारांनी बरंच लिहिलंय. मी थांबतो ते उत्तराची वाट बघत. मोठमोठ्या सभागृहांत टाळ्या आल्या, शिट्या आल्या. ते दोन शब्द कधी आले नाहीत.

गावात अजून ती गोष्ट सांगतात. परवा तिठ्यावर एक तरुण मुलगा मला समजावून सांगत होता, "तुमका म्हायत नाय काका, एका गावपळणीक देवान सोताच गाऱ्हाणा घातल्यान. माझ्या आज्यान आयकललां." मी म्हटलं, व्हय काय?

सध्या मी गावातच आहे. याही मार्गशीर्षात कौल झाला. हल्ली पलीकडे तंबू येतात, मोबाइल चालतात, पण ढोल वाजला की अजूनही सगळे निघतात आणि गाव तसाच गप्प होतो. धाकट्या भावाचा मुलगा दिगू पर्यटकांना खोल्या देतो. त्याला माझी काळजी. माझ्या डॉक्टरांचा फोन त्यानंच घेतला होता, तेव्हा वाद्याला हात लावायचा नाही हे त्यालाही माहीत आहे. पेटी त्यानं माळ्यावर ठेवली आहे. काल जेवताना विचारत होता, "काका, थंडी लय आसा. तुमी झोपडीत कशे रवतालात?"

मी त्याला सांगितलं, मी मालवणाक जातंय. डॉक्टर जवळ आसा.

त्याला ते पटलं. सकाळच्या एसटीला तो मला बाईकवरून सोडणार आहे. एकच चांगली पत्ती होती, ती मी खिशात घातली आहे.